दिवाणी न्यायालयाचे समन्स आल्यावर प्रतिवादीने काय करावे : क्रमवार मार्गदर्शन

समन्सवर छापलेली तारीख ही न्यायालयात हजर होण्याची तारीख असते. लेखी कैफियत (दाव्याला प्रतिवादीने द्यायचे लेखी उत्तर) दाखल करण्याची मुदत मात्र समन्स बजावले गेले त्या दिवसापासून सुरू होते. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे बाजू खरी असलेल्या प्रतिवादींचेही दावे हातचे जातात. पहिल्या तारखेला वकील उभे राहतात, पुढची तारीख पडते, ‘अजून वेळ आहे’ अशा समजुतीत कैफियत लांबते आणि एक दिवस रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) दावा विना कैफियत चालवण्याचा आदेश नोंदलेला दिसतो.

पुढील क्रम महाराष्ट्रातील दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालणाऱ्या हातउसने, वाटप, कब्जा, मनाई, वहिवाटीचा रस्ता आणि करारपूर्ती यांसारख्या नेहमीच्या दाव्यांना धरून दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाची मूळ शाखा, कौटुंबिक न्यायालय आणि ग्राहक आयोग यांचे नियम वेगळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत.

## 1. बेलिफ दारात आल्यावर

समन्स घ्यावे. ते नाकारल्याने दावा थांबत नाही, उलट दाव्यात काय लिहिले आहे हेच प्रतिवादीला कळत नाही. सही करण्यास नकार दिल्यास बेलिफ (समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) समन्सची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवतो आणि घर कोणी दाखवले, साक्षीला कोण होते हे लिहून न्यायालयाला अहवाल देतो. टपालाने आलेला लखोटा ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत गेला, तरी न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करू शकते. बजावणीचे सगळे नेहमीचे मार्ग खुंटले, तर न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर समन्स येते आणि तीही बजावणीच मानली जाते.

प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे, स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येते. घरगडी किंवा मोलकरीण या नियमापुरती कुटुंबातील व्यक्ती मानली जात नाही. म्हणून परगावी नोकरीला असलेल्या मुलाच्या नावाचे समन्स गावी आई-वडिलांनी घेतले असेल, तर त्यांनी ते देव्हाऱ्यामागे न ठेवता त्याच दिवशी मुलाला कळवावे आणि सर्व पानांचे फोटो पाठवावेत.

सही करताना सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख लिहावी आणि तीच तारीख आपल्याकडील प्रतीवरही लिहून ठेवावी. पुढचे सारे दिवस याच तारखेपासून मोजायचे असतात.

इशारा : समन्स मृत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने आले असेल, तर त्यांच्या वतीने सही करू नये. व्यक्ती कोणत्या तारखेला मयत झाली ते बेलिफास सांगून अहवालात नोंदवण्यास सांगावे आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवावा. दावा दाखल होण्यापूर्वीच मृत झालेल्या व्यक्तीविरुद्धचा दावा आणि दावा चालू असताना झालेला मृत्यू यांचे कायदेशीर परिणाम वेगळे आहेत, त्यामुळे मृत्यूची तारीख येथे कळीची ठरते.

## 2. कोणता कागद आला आहे, ते आधी ओळखावे

वकिलाची नोटीस, कॅव्हेटची (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशा आगाऊ अर्जाची) नोटीस आणि समन्स हे तीन वेगळे कागद आहेत. समन्सवर न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक, हजर होण्याची तारीख, न्यायाधीशाची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. सोबत दाव्याची प्रत जोडलेली असलीच पाहिजे. ती नसेल, तर पहिल्या तारखेला तसा लेखी अर्ज देऊन प्रत मागावी. ‘प्रत नव्हती म्हणून गेलो नाही’ हे कारण पुढे सहसा टिकत नाही.

यानंतर दाव्याच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा संक्षिप्त दावा आहे काय. धनादेश, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरील ठरावीक रकमेच्या वसुलीसाठी असे दावे होतात. त्यांत कैफियतीचा तीस दिवसांचा हिशेब (तो पुढे भाग 3 मध्ये येतो) लागू नसतो. समन्स बजावल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवून आपला पत्ता द्यावा लागतो. त्यानंतर वादी निर्णयासाठीचे समन्स बजावतो, आणि त्यापासून 10 दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. हजेरीच नोंदवली नाही, तर वादीचे कथन कबूल आहे असे धरून हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश) होतो. आलेला कागद साधे समन्स समजून महिनाभर स्वस्थ बसणे या दाव्यात सर्वांत महागात पडते.

दुसरी, सोबत मनाईच्या अर्जाची नोटीस आहे काय. हा अर्ज बहुधा निशाणी 5 (निशाणी म्हणजे दाव्यातील कागदाला न्यायालय देते तो क्रमांक) म्हणून ओळखला जातो आणि त्यावरील तारीख दाव्याच्या तारखेच्या आधीची असू शकते. त्याच नोटिशीत तुमचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच दिलेला तात्पुरता मनाई हुकूम किंवा ‘जैसे थे’ आदेशही असू शकतो.

तिसरी, दावा व्यापारी वादाचा आहे काय. 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांत मुदतीचे नियम कठोर आहेत. ते पुढे येतीलच.

तपासणी : कागद खरा आहे का, याची शंका असल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) अथवा दाव्याचा क्रमांक टाकून पाहावे. पक्षकारांची नावे व पुढील तारीख तेथे दिसते. व्हॉट्सअॅपवर ‘न्यायालयाचा आदेश’ पाठवून तात्काळ पैसे भरण्यास सांगणारा निरोप ही फसवणूक असते. दिवाणी समन्समध्ये अशा रीतीने पैसे मागितले जात नाहीत.

## 3. मुदत मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 8, नियम 1 प्रमाणे कैफियत समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत दाखल करायची असते. न्यायालय कारणे लेखी नोंदवून ही मुदत वाढवू शकते, पण बजावणीपासून 90 दिवसांच्या पुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात, 90 दिवसांनंतरही अपवादात्मक परिस्थितीत कैफियत घेता येते, असे म्हटले आहे. अनेक जण यातील ‘अपवादात्मक’ हा शब्द वगळून उरलेले वाक्य लक्षात ठेवतात. व्यापारी वादात तर 120 दिवस उलटल्यावर प्रतिवादीचा हक्कच संपतो आणि न्यायालयालाही ती कैफियत घेता येत नाही.

मोजणी अशी करावी. समन्स 3 मार्चला बजावले असेल, तर तो दिवस सोडून 4 मार्च हा पहिला दिवस धरावा. तिसावा दिवस 2 एप्रिलला आणि नव्वदावा 1 जूनला येतो. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर न्यायालय उघडल्याच्या दिवशी दाखल करता येते, पण मध्ये आलेल्या सुट्ट्या वजा होत नाहीत. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बजावलेल्या समन्सच्या बाबतीत ही चूक हटकून होते.

## 4. कागद जमवावेत आणि काही गोष्टी मुद्दाम टाळाव्यात

वकिलाकडे जाण्यापूर्वी दाव्याची प्रत दोनदा वाचावी आणि प्रत्येक कलमासमोर पेन्सिलीने ‘खरे’, ‘खोटे’, ‘अर्धे खरे’ किंवा ‘माहीत नाही’ असे लिहावे. त्यानंतर एका कागदावर घटना तारखेनुसार मांडाव्यात. या दोन कागदांमुळे वकिलाचे निम्मे काम हलके होते आणि कैफियत आयत्या नमुन्यावरून उतरवली जाण्याची शक्यता घटते.

जमिनीच्या दाव्यात सातबारा, आठ-अ, वादाशी संबंधित सर्व फेरफार, खरेदीखत, वाटपपत्र व मोजणीचा नकाशा, तर पैशाच्या दाव्यात बँकेचा खातेउतारा, पावत्या आणि परस्परांतील पत्रव्यवहार जमवावा. केवळ अलीकडचा सातबारा पुरत नाही. नावे कोणत्या फेरफाराने लागली किंवा कमी झाली, ते जुन्या नोंदींतूनच दिसते, आणि जुने उतारे तहसील कार्यालयातून मिळण्यास दिवस लागतात, म्हणून तो अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा. मोबाइलवरील संदेश पुरावा म्हणून वापरायचे असतील, तर मूळ संदेश पुसू नयेत व फोनही विकू नये. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 मधील कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्यासोबत द्यावे लागते.

इशारा : समन्स मिळाल्यावर वादीला फोन करून किंवा संदेश पाठवून ‘थोडी मुदत द्या, देतो पैसे’ असे म्हणू नये. असा संदेश कबुली म्हणून पुढे येतो, आणि मुदत संपण्यापूर्वी दिलेली सहीची लेखी कबुली असेल, तर वसुलीची मुदतही नव्याने सुरू होते. दाव्यातील मिळकत या काळात विकू, गहाण टाकू किंवा बक्षीस देऊ नये, कारण दावा चालू असताना घेणाऱ्यावरही निकाल बंधनकारक राहतो आणि न्यायालयाचे प्रतिवादीविषयीचे मत त्याने बिघडते ते वेगळेच.

## 5. वकील आणि वकीलपत्र

कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. वकीलपत्रावर न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि पक्षकारांची नावे भरलेली आहेत याची खात्री करूनच सही करावी व त्याचा फोटो घ्यावा.

वाटपाच्या दाव्यात एक प्रकार फार पाहायला मिळतो. भावाविरुद्ध पुतण्याने दावा लावलेला असतो, बहिणी ‘नावापुरत्या’ प्रतिवादी असतात, आणि भाऊ आपल्याच वकिलाचे वकीलपत्र घेऊन सर्व बहिणींच्या सह्या घेतो. भावाच्या कैफियतीत बहिणींनी पूर्वीच हक्क सोडला आहे असे लिहिलेले असते आणि त्याखाली बहिणींचीही सही असते. ज्या प्रतिवादींचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत त्यांनी वेगळे वकील द्यावेत व वेगळी कैफियत द्यावी. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीही सहहिस्सेदार असू शकतो. अशा वेळी त्याने आवश्यक कोर्ट फी भरून स्वतःचा हिस्सा वेगळा करून मागावा.

वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांच्यासह कायद्यात नमूद काही गटांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत. यासाठी 15100 ही हेल्पलाइन आहे.

परदेशी राहणाऱ्या प्रतिवादीला मुखत्यारपत्र देऊन काम चालवता येते, पण ते तेथील भारतीय वकिलातीतून किंवा योग्य रीतीने प्रमाणित करून आणावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यार प्रतिवादीच्या वैयक्तिक माहितीतील गोष्टींची साक्ष त्याच्याऐवजी देऊ शकत नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे.

## 6. पहिली तारीख आणि मनाईचा अर्ज

पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल करून कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज द्यावा. तोंडी मागितलेली मुदत रोजनाम्यात येईलच असे नाही. प्रतिवादीने स्वतः उपस्थित राहिलेले बरे, कारण आपला दावा कोणत्या दालनात चालतो, बोर्डावर (दिवसाच्या कामांच्या यादीत) कसा लागतो आणि पुढची तारीख कोणती पडली, हे तेथेच समजते.

निशाणी 5 असेल, तर त्यावरील ‘से’ (लेखी म्हणणे) कैफियतीपर्यंत थांबवू नये. तो शपथपत्रासह आधी द्यावा, आणि शक्य असल्यास कैफियत व से एकदमच तयार करावेत, म्हणजे दोहोंतील मजकुरात विसंगती राहत नाही. एकतर्फी मनाई हुकूम झालेला असेल, तर तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करता येतो, मात्र रद्द होईपर्यंत तो चुकीचा वाटला तरी पाळावाच लागतो. मनाई मोडल्यास मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. बांधकाम ‘फक्त स्लॅबपुरते’ पुढे नेणारे प्रतिवादी या तरतुदीत सापडतात.

## 7. कैफियत लिहिणे

वादीच्या ज्या कथनाला स्पष्ट नकार नाही, ते कथन कबूल आहे असे धरले जाते. दिवाणी दाव्यात याहून महत्त्वाचा नियम प्रतिवादीसाठी नाही. आपल्याकडील कैफियतींत मात्र वर्षानुवर्षे एकच वाक्य फिरते. समजा, दाव्याच्या कलम 4 मध्ये असे लिहिले आहे :

‘प्रतिवादीने दि. 12/06/2023 रोजी वादीकडून रु. 3,50,000 रोखीने हातउसने घेतले व एक वर्षात परत करण्याचे कबूल केले.’

यावर येणारे ठरलेले उत्तर असते :

‘कलम 4 मधील मजकूर खोटा, लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’

हे उत्तर मोघम आहे. त्या एका कलमात तारीख, रक्कम, रोख व्यवहार, उसनवारीचे नाते आणि परतफेडीचे वचन अशा पाच गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला उत्तर हवे. केवळ ‘रु. 3,50,000 घेतले नाहीत’ असे म्हटल्यास, मग किती घेतले, हा प्रश्न उरतोच. संहितेतील आदेश 8, नियम 4 नेमके हेच सांगतो की अमुक रक्कम घेतल्याचा आरोप असेल, तर ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असे म्हणावे, अथवा किती घेतली ते सांगावे. म्हणून उत्तर असे हवे :

‘दि. 12/06/2023 रोजी किंवा अन्य कोणत्याही दिवशी प्रतिवादीने वादीकडून रु. 3,50,000 अथवा त्यापैकी कोणतीही रक्कम रोखीने वा अन्य मार्गाने हातउसनी घेतली, हे म्हणणे खरे नाही व मान्य नाही. कोणतीही रक्कम परत करण्याचे प्रतिवादीने कधीही कबूल केलेले नाही.’

आणि प्रत्यक्षात एक लाख रुपये बँकेमार्फत घेऊन परत केले असतील, तर तेच तारखांसह लिहावे. खरी गोष्ट नाकारून वर आणलेला खोटा नकार उलटतपासात खातेउताऱ्यासमोर कोसळतो आणि मग उरलेल्या खऱ्या नकारांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

क्रम असा ठेवावा. आरंभी कायदेशीर हरकती घ्याव्यात, म्हणजे दावा मुदतबाह्य आहे, आवश्यक पक्षकार सामील केलेले नाहीत, वाटपात सर्व मिळकती आणलेल्या नाहीत, मूल्यांकन कमी आहे, न्यायालयास अधिकारक्षेत्र नाही, यांपैकी ज्या खरोखर लागू आहेत तेवढ्याच. स्थानिक किंवा आर्थिक अधिकारक्षेत्राची हरकत मुद्दे (निर्णयासाठी न्यायालयाने ठरवलेले वादाचे प्रश्न) निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. त्यानंतर कलमवार उत्तर लिहावे. मग ‘खरी वस्तुस्थिती अशी की’ या शीर्षाखाली प्रतिवादीची स्वतःची हकीकत तारखेनुसार यावी. कैफियतीत न मांडलेल्या गोष्टीचा पुरावा पुढे देता येत नाही, त्यामुळे ‘ते साक्षीत सांगू’ हे धोरण चुकीचे आहे. वादीकडूनच काही येणे असेल, तर प्रतिदावा याच वेळी कोर्ट फीसह जोडावा. शेवटी दावा खर्चासह रद्द करण्याची मागणी यावी.

इशारा : वादपत्रच (वादीचा लेखी दावाच) फेटाळावे असा आदेश 7, नियम 11 खालचा अर्ज दिला म्हणजे कैफियतीची मुदत थांबली, असे समजू नये. अर्ज द्यायचा असल्यास द्यावा, पण कैफियतही मुदतीत तयार ठेवावी.

## 8. दाखल करणे

कैफियतीवर प्रतिवादीची व वकिलाची सही, खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याची सहीनिशी ग्वाही), सोबत शपथपत्र, पत्त्याचे निवेदन आणि कागदपत्रांची यादी असावी. सत्यापनात कोणती कलमे स्वतःच्या माहितीची व कोणती ऐकीव माहितीवर आधारलेली आहेत ते स्पष्ट लिहावे. यादीसोबत न दिलेला कागद पुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेतला जात नाही. सही करण्यापूर्वी संपूर्ण कैफियत वाचावी, किंवा वाचून दाखवायला लावावी.

तपासणी : वादीच्या वकिलांना दिलेल्या प्रतीची पोच घेतली आहे का, कैफियतीला निशाणी क्रमांक पडला आहे का, आणि त्या दिवसाच्या रोजनाम्यात कैफियत दाखल झाल्याची नोंद आहे का, हे तिन्ही पाहावे.

## 9. मुदत हुकली असल्यास

येथे आधी कोणता आदेश झाला आहे, ते पाहावे, कारण प्रत्येकासाठी अर्ज वेगळा आहे. हजर न राहिल्याने दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश झाला असेल, तर पुढील सुनावणीच्या दिवशी किंवा त्याआधी सबळ कारण दाखवून तो रद्द करून मागावा (आदेश 9, नियम 7). हजर होऊनही कैफियत न दिल्याने विना कैफियत आदेश झाला असेल, तर तो रद्द करण्याच्या अर्जासोबत तयार कैफियत जोडावीच. कैफियतीशिवाय आलेल्या अशा अर्जाला सहसा अर्थ उरत नाही. न्यायालय खर्च बसवून परवानगी देऊ शकते. तो खर्च ठरलेल्या दिवशी भरावा.

एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तर आदेश 9, नियम 13 खाली अर्जाची मुदत 30 दिवसांची आहे. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावले गेलेच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. बजावणीत केवळ किरकोळ त्रुटी होती, पण तारीख प्रतिवादीला माहीत होती व हजर राहण्यास पुरेसा वेळ होता असे दिसले, तर हुकूमनामा रद्द होत नाही.

## 10. कैफियतीनंतर

पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यास वकिलाला कळवून न्यायालयात नोंद करून घ्यावी आणि प्रत्येक तारखेनंतर ई-कोर्ट्सवर रोजनामा पाहावा. तडजोड होत असेल तर उत्तमच, मात्र ती लेखी पुरशिशीने (न्यायालयाला माहिती देणाऱ्या निवेदनाने) न्यायालयापुढे ठेवून त्यानुसार आदेश करून घ्यावा. ‘दावा काढून घेतो, तुम्ही तारखेला येऊ नका’ या शब्दावर घरी राहिलेल्या प्रतिवादीला काही महिन्यांनी वसुलीची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) घेऊन आलेला बेलिफच भेटतो. दावा निकाली निघाल्याचा आदेश रोजनाम्यात दिसेपर्यंत प्रत्येक तारखेस हजेरी चालू ठेवावी.